सोनेरी पट्टा काळ्याच्या आधी

आमच्या घरात लग्न निघालं की हळदीच्या संध्याकाळी कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची ओढतं आणि म्हणतं, "शीलाआत्या, तक्त्याची गोष्ट सांगा." मी आधी आढेवेढे घेते. घ्यावे लागतात, नाहीतर सांगणाऱ्याचा भाव उतरतो. मग सांगते. इतक्यांदा सांगितली आहे की कुठं थांबायचं, कुठं पाणी प्यायचं, नानांचा आवाज कुठं काढायचा, हे सगळं आता ठरून गेलंय. पोरं हसून हसून लोळतात. नानांची नातवंडं तर सगळ्यांत जास्त हसतात.

आणि तरी — ही गोष्ट त्यांनी ऐकलेली नाही. मी सांगते ती अर्धी आहे. अर्धी तरी कशी म्हणू? तिच्यातला जो माणूस मी दाखवते तो मुळात तिच्यात नाहीच. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. आईला नाही. प्रार्थनेतसुद्धा — गुडघ्यावर बसते, जवळ जाते, आणि मग कुणाच्या तरी आजारपणाकडं वळते. तुम्ही मला ओळखत नाही, बहुधा म्हणून तुम्हाला सांगता येईल. बघू.

आधी अप्पांबद्दल सांगायला हवं. (पुढं ढकलते आहे, मला कळतंय.)

अप्पा म्हणजे माझे वडील. औरंगाबाद स्टेशनात पार्सल ऑफिसात होते. कोवळ्या वयात निजामाच्या रेल्वेत लागले आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर, जागचे न हलता, भारताच्या रेल्वेत आले. ह्याचं त्यांना फार अप्रूप होतं. "टोपी बदलली, शिक्का बदलला, साहेब बदलला," म्हणायचे, "टेबल तेच." स्टेशनापासून छावणीकडं जाताना आमचं घर होतं, आणि रविवारी सकाळी त्या घराच्या पुढच्या खोलीत आमची ख्रिस्ती मंडळी उपासनेला भरायची. मोठं देऊळ नाही, घंटा नाही, झगेवाला पाळक नाही. दहा-बारा कुटुंबं, सतरंजी, मधे एक मेज, त्यावर प्रभूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरसाचा पेला. आणि भिंतीवर तक्ता.

त्या तक्त्यावरून अप्पा बायबल शिकवायचे. असं शिकवणं मी नंतर कुठं पाहिलं नाही, आणि हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही — निदान फक्त मुलगी म्हणून म्हणत नाही. त्यांचं म्हणणं असं, की देव तोच, पण माणसाबरोबरचा त्याचा कारभार काळाकाळानं बदलत गेला. बागेत आदामाला एक हुकूम होता. जलप्रलयानंतर नोहाला वेगळा. अब्राहामाला अभिवचन मिळालं, मोशेच्या हाती नियमशास्त्र आलं, आणि आता आपण राहतो तो कृपेचा काळ. पुढं मंडळी वर उचलली जाईल, मग पृथ्वीवर महासंकट, मग प्रभू स्वतः उतरून हजार वर्षं राज्य करील. तक्त्यावर प्रत्येक काळाला एक रंगीत पट्टा. कृपेचा पांढरा, महासंकटाचा काळा आणि त्याच्या शेवटी प्रभू उतरतो तो बाण, मग राज्याचा सोनेरी.

कुणी नवखा माणूस विचारायचा, देव काय मन बदलतो का? अप्पा खिशातून हाली सिक्क्यातलं एक नाणं काढायचे, निजामाच्या वेळचं. त्याच्या हातावर ठेवून म्हणायचे, जा, गुलमंडीत ह्याचा वारभर कपडा आण. माणूस हसायचा. "का हसला? खोटं हाय का नाणं? नाय. खरं चांदीचं हाय. राज्य बदललं." एवढं बोलून ते नाणं परत खिशात. नियमशास्त्र आणि कृपा ह्यांतला फरक मला ज्या दिवशी कळला, त्या दिवशी मी आठ-नऊ वर्षांची असेन. आजही एखाद्या शिकलेल्या माणसाला तो समजावताना माझा हात नकळत खिसा शोधतो, आणि साडीला खिसा नसतो.

कोणतंही वचन उघडलं की अप्पांचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला: हे कोणाला सांगितलंय? इस्राएलाला, परराष्ट्रीयांना, की मंडळीला? दुसऱ्याच्या नावाचं पार्सल आपण फोडायचं नाही. आणि त्याचं उत्तर मिळालं की लगेच दुसरा: मग ह्यात आपल्याला काय? कारण पार्सल दुसऱ्याचं असलं तरी पाठवणारा आपलाच बाप आहे, त्याचा स्वभाव त्यातून कळतोच. पहिला प्रश्न विचारून थांबणाऱ्याचा त्यांना राग यायचा. म्हणायचे, तो वाचत नाय, तो अंग काढून घेतो.

हे वाक्य लक्षात ठेवा असं म्हणणार होते. नको. मीच विसरले होते, तुम्ही कशाला लक्षात ठेवता.

आता नाना. अप्पांचे धाकटे भाऊ, शाळेत भूगोल शिकवायचे, सायकलवरून गाणी म्हणत यायचे. मंडळीत बसायचे, भाकर घ्यायचे, आणि शेवटच्या दोन पट्ट्यांवरून अप्पांशी भांडायचे. नानांचं मत होतं की जग हळूहळू सुधारत जाणार, सोन्याचा काळ माणसांतच येणार, आणि प्रभू त्या हजार वर्षांच्या शेवटी येणार. "दादा, तू बघ ना. रझाकार गेले. वीज आली. जायकवाडीचं पाणी आलं. पोरी शाळेत चालल्या. सुधारतंयच की सगळं." अप्पा म्हणायचे, सुधारतंय तर तुझ्या सायकलचा दिवा कुणी चोरला? दर रविवारी जेवणानंतर हे चालायचं. ताटं सुकायची. आई दोघांनाही एकाच वाक्यात गप्प करायची, प्रभू आधी येवो की नंतर, भांडी आत्ता घासायचीयत. मला वाटायचं, भाऊ असावेत तर असे. अजून वाटतं.

मी एकोणीस वर्षांची असताना आमच्या मंडळीनं उपदेशाच्या सभा ठरवल्या. बाहेरून मोठे उपदेशक येणार, जालन्याहून, नगरकडून माणसं येणार, एक सभागृह भाड्यानं घेतलेलं. भिंतीवरचा तक्ता तिथं मागच्या रांगेला दिसला नसता. अप्पा म्हणाले, मोठा करायचा. गुलमंडीतून मांजरपाट आणला, रंग आणले, आणि काम माझ्याकडं दिलं. का? माझं अक्षर चांगलं होतं, आणि बहुतेक — ते कधी बोलले नाहीत — त्यांच्या मनात होतं की पुढं हे सगळं मीच चालवावं. मुलगा नव्हता त्यांना. मला हे ठाऊक होतं. आणि आवडतही होतं, खोटं का बोलू?

प्रत्येक काळाचा पट्टा वेगळा रंगवला. वाळवला. मग ते सगळे एकमेकांना मशीनवर जोडायचे. पहिले पाच आईनं जोडून दिले आणि ती स्वयंपाकाला गेली. उरलेले मी. संध्याकाळ होती, रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती, आणि मला तेव्हा त्या खेळाचं वेड होतं. ख्रिस्ती मुलीला शोभणारं नव्हे, पण होतं. कापड उलट्या बाजूनं शिवत होते, अक्षरं खाली. काळा दोरा संपला तर तपकिरी घातला. शेवटचे दोन पट्टे जोडले तेव्हा कुणीतरी बाद झालं होतं. कोण, ते आठवत नाही. आठवलं असतं तर निदान त्याला दोष देता आला असता.

दोरा तोडला आणि लगेच नाना आले, तक्ता सभागृहात न्यायला. सभागृह त्यांच्या घराजवळ होतं, रात्री तो त्यांच्याकडं राहणार, सकाळी ते लावणार. बांबूवर आम्ही दोघांनी तो गुंडाळला, न उघडता. जाताना अप्पांना दारातून म्हणाले, "एक रात्र माझ्या ताब्यात हाय, दादा. तुझी हजार वर्षं जरा अलीकडं सरकवून ठेवतो." अप्पा हसले. मीही हसले.

सकाळी सभागृह भरलं होतं. अप्पांनी उभं राहून सांगितलं, हा तक्ता माझ्या लेकीनं केलाय. लोकांनी माझ्याकडं पाहिलं. नानांनी दोरी सोडली, तक्ता उलगडत खाली आला.

कृपेच्या पांढऱ्या पट्ट्याला लागून सोनेरी. त्याच्यानंतर काळा. आणि प्रभू उतरतो तो बाण काळ्या पट्ट्याच्या पार शेवटी.

तुम्हाला ह्यात काय एवढं, असं वाटेल. दोन रंग इकडचे तिकडं. पण तिथं बसलेल्यांसाठी अप्पांनी आयुष्यभर जे शिकवलं ते एका शिवणीत उलटं झालं होतं, नानांच्या मताप्रमाणं झालं होतं. उपदेशक चांगला माणूस होता, त्यानं हसून म्हटलं की औरंगाबादला प्रभू जरा उशिरानं यायचे दिसतायत. सगळे हसले. अप्पांच्या कपाळावरची फुगलेली शीर मी बसल्या जागेवरून पाहिली.

मला कळायला किती वेळ लागला? काहीच नाही. शिवण तपकिरी होती.

नाना तक्त्याजवळच उभे होते. त्यांनी पुढं होऊन त्या शिवणीवरून बोट फिरवलं, दोरा पाहिला आणि मान वळवून माझ्याकडं पाहिलं. आमच्या घरातला दोरा त्यांना ओळखू येत होता, आदल्या संध्याकाळी तो मशीनमध्ये ओवलेला त्यांनी पाहिला होता. रागानं पाहिलं नाही. बघितलं, आणि परत दोरी धरून उभे राहिले.

मी त्याच वेळी उठून बोलायला हवं होतं. एक वाक्य. लोक हसले असते आणि विसरले असते. पण अप्पांनी नुकतंच माझं नाव घेतलं होतं ना — माझ्या लेकीनं केलाय. मी ठरवलं, घरी गेल्यावर सांगेन.

दुपारी घरी पोचले तर अप्पा नानांना विचारून मोकळे झाले होते. रात्रभर तक्ता तुझ्याकडं, बायकोचं मशीन तुझ्या घरात, दारात बोलून गेलास तूच. नानांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. त्यांनी एवढंच म्हटलं, की जे झालं ते झालं, उसवून देतो, संध्याकाळच्या सभेला नीट दिसेल. आणि खरंच उसवून, जोडून दिलं. अप्पांनी अट घातली: रविवारी भाकर घेण्याआधी मंडळीसमोर उभं राहून कबूल कर.

तेव्हा नाना बोलले. "दादा, घरात मला काय म्हणायचं ते म्हण. त्या मेजासमोर मी खोटं बोलणार नाय."

अप्पांना तो हट्ट वाटला. केलं ते केलं आणि वर ताठा. मला मात्र प्रत्येक शब्द समजला. खरं बोलायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. खोटं त्यांना बोलायचं नव्हतं. म्हणून ते मंडळीत यायचेच थांबले. छावणीतल्या दुसऱ्या देवळात जाऊन मागच्या बाकावर बसायला लागले, जिथं कुणी भविष्यावरून भांडत नाही. किती चुकल्यासारखं झालं असेल त्यांना तिथं. भांडायला कुणीच नाही.

दोन भाऊ एका गावात राहिले आणि बोलले नाहीत. लग्नांत समोरासमोर आले की एकमेकांना नमस्कार करायचे, परक्यांसारखा. माझ्या लग्नात नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "सुखी राहा, शीले" म्हणाले. मी खाली पाहिलं. लोकांना वाटलं, नवरी लाजली.

उद्या सांगेन, ह्या सणाला सांगेन, अप्पांची तब्येत बरी झाली की सांगेन. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, ते उगाळत नाही. पण इथवरची चूक, मला वाटतं, भित्रेपणाची होती. मी पोरगी होते, घाबरले. एवढंच असतं तर कदाचित मी कधीच सांगून मोकळी झाले असते, एखाद्या हळदीच्या संध्याकाळीच, नानांच्या जागी स्वतःला घालून. पुढचं आहे ते भित्रेपणाचं नाही.

अप्पा निवृत्त झाले. रूळ रुंद झाले, मनमाडला गाडी बदलायची गरज उरली नाही. त्यावरही त्यांनी एक सुंदर प्रवचन केलं होतं. हळूहळू शिकवणं माझ्याकडं आलं. आधी बायकांचा वर्ग, मग मुलांचा. लोक म्हणायचे, अप्पांसारखीच वचनाची नीट विभागणी करते. मी करायचेही. कोणतं वचन कोणाला, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

एका शनिवारी मी माहेरी गेले होते. अप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर बायबल उघडं. शनिवारी ते दुसऱ्या दिवशीच्या भाकरीसाठी मनाची झाडलोट करायचे. मला बोलावलं. मत्तयातला डोंगरावरचा उपदेश काढला होता. तुम्ही वेदीवर दान घेऊन गेलात आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, तर दान तिथंच ठेवा, आधी भावाकडं जा, समेट करा, मग येऊन दान द्या, असं प्रभू म्हणतो, तो भाग.

अप्पा म्हणाले, "हे कोणाला गं सांगितलंय?"

त्यांना ठाऊक नव्हतं का? त्यांनीच मला शिकवलेलं. पण त्या दिवशी ते शिकवणाऱ्यासारखे विचारत नव्हते. दार उघडं आहे का, असं विचारत होते. आणि मला ते कळलं. ते नानांकडं जाणार होते. एकदा ते दोघं समोरासमोर बसले असते, चहा झाला असता, तर तपकिरी दोऱ्याची गोष्ट निघालीच असती.

मी म्हटलं, "अप्पा, वेदी कुठं असती? मंदिरात. दान कोण नेतं? हे क्रूसाच्या आधीचं हाय, इस्राएलाला सांगितलेलं. आपल्याकडं वेदी नाही."

उत्तर बरोबर होतं. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते.

त्यांनी थोडा वेळ पानावर हात ठेवला. मग दुसरा प्रश्न आला, येणारच होता. "मग ह्यात आपल्याला काय?"

त्याचं उत्तरही मला ठाऊक होतं. आपल्याला हे, की ज्यानं आपल्याला फुकट क्षमा केली त्याचा स्वभाव काल-आज एकच आहे. वेदी नसली तरी भाऊ आहे. पौलानं मंडळीला लिहिलेल्या पत्रांत तेच आणखी ठळक आहे, एकमेकांना क्षमा करा म्हणून. मी ते वर्गात कितीदा शिकवलं होतं.

मी म्हटलं, "आपल्याला कृपा हाय, अप्पा. आपल्यावर अशी सक्ती नाही."

"तू म्हणतीस तर," ते म्हणाले, आणि पुस्तक मिटलं.

माझ्यावर विश्वास ठेवून मिटलं. हे मला सांगायचं होतं. ज्या पद्धतीनं त्या माणसानं मला वाचायला शिकवलं, ज्या पद्धतीइतकं प्रामाणिक मी दुसरं काही पाहिलं नाही, तिचा पहिला अर्धा भाग मी त्यांच्याच आणि त्यांच्या भावाच्या मधे भिंतीसारखा उभा केला. लोक म्हणतात ना, अशा विभागण्या करून वाचणारे सोयीचं तेवढं घेतात. अप्पांनी कधी घेतलं नाही. मी घेतलं. पद्धतीवर ठपका ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकर घेतली.

नाना त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले, अचानक, सायकल भिंतीला टेकवता टेकवता. दफनाला अप्पा आले. सगळं झाल्यावरही कबरीपाशी उभे राहिले, मी त्यांचा हात धरला होता. म्हणाले, "त्याला एकदा विचारायचं होतं." मला वाटलं, का केलंस, हे. ते म्हणाले, "कसा हायेस, म्हणून."

मी तेव्हाही बोलले नाही. आता बोलून त्यांना त्रास कशाला, असं स्वतःला समजावलं. किती विचारी मुलगी, नाही का?

आणि मग, अप्पाही गेल्यावर, एका लग्नात कुणीतरी म्हणालं की तक्त्याची काय गंमत झाली होती हो? आणि मी सांगायला लागले. नानांनी रात्रीत उठून कसे टाके उसवले, काकूंना मशीनचा आवाज येऊ नये म्हणून कसं गाणं म्हटलं. सगळं मी रचलेलं. लोकांना इतके गोड वाटतात त्यातले नाना, की मला वाटायचं मी त्यांचं काहीतरी भलंच करते आहे.

शेवटच्या दिवसांत अप्पांना बोलणं जड जायचं. पण एकदा त्यांनी मला जवळ बोलावून स्पष्ट सांगितलं, की आता नाना भेटंल, त्यालाच विचारीन. त्यांचा ह्यावर विश्वास होता, आणि माझाही आहे. तुम्हाला हे भाबडेपणाचं वाटलं तरी चालेल, मला तक्त्यावरच्या एकाही पट्ट्याबद्दल शंका नाही. ख्रिस्तात गेलेला माणूस प्रभूपाशी असतो, जागा असतो, ओळखतो. म्हणजे ते दोघं भेटलेत. अप्पांनी विचारलं असेल.

मला भीती वाटते ती वेगळीच. मला वाटतं, नानांनी तिथंही माझं नाव घेतलं नसेल.